खुनाची गादी आणि रयतेची भाकर
(छत्रपति संभाजीनगर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज मी तुम्हांस एका नाटकाविषयीं सांगणार आहें. शेक्सपीअर नांवाच्या इंग्रज नाटककारानें सन १६०६ च्या सुमारास ‘मॅकबेथ’ हें नाटक लिहिलें. शिवराम महादेव परांजपे ह्यांनीं ‘मानाजीराव’ ह्या नांवानें त्यास मराठी वेष चढविला. तुम्ही म्हणाल, विलायतेच्या राजाशीं आम्हां नांगरधाऱ्यांचें काय काम? काम आहे. तें नाटक आपल्या दौलताबादेस खरोखरीच घडलें आहे.

आधीं गोष्ट ऐका. मॅकबेथ हा शूर सरदार. वाटेंत तीन चेटकिणी त्यास ‘तूं राजा होशील’ म्हणून सांगतात. बायको भर देते. घरीं पाहुणा आलेल्या राजास तो झोपेंत मारतो आणि बायको रक्त पहारेकऱ्यांच्या अंगास फांसते. गादी मिळते, पण झोप जाते. मग भयापोटीं मित्र मारतो, एका सरदाराचीं बायकामुलेंही मारवितो. बायको हातावरचें रक्त धूत धूत वेडी होऊन मरते, आणि शेवटीं त्याचेंही मुंडकें उडतें.

आतां घरची गोष्ट. हें शहर मलिक अंबरानें वसविलें. लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तो कांहीं संत नव्हता. राजे बसविणें-उठविणें त्यानेंही केलें. पण त्यानें जमिनीची पाहणी करून सारा बांधिला आणि नहर खोदून खडकी गांवास पाणी पाजलें. सन १६२६ त तो वारला. त्याचा मुलगा फत्तेखान. त्यानें खडकीचें नांव बदलून आपल्या नांवावरून ‘फत्तेनगर’ ठेविलें. बापानें पाणी आणिलें, मुलानें पाटी लाविली!

त्या दरबारांत विश्वास उरलाच नव्हता. सन १६२९ त जिजाऊंचे वडील लखुजी जाधव ह्यांस दौलताबादेच्या किल्ल्यांत भेटीस बोलावून मुलांनातवासुद्धां ठार केलें. फत्तेखानासही निजामशहानें कैदेंत टाकिलें होतें. संकट आलें तशी सुटका करून पुन्हां वजिरी दिली. वजिरी हातीं येतांच ह्यानें धन्यालाच कैद केलें. मोगलांकडून इशारा आला कीं, इमान दाखवावयाचें तर ह्याचा कांटा काढ. ह्यानें गुपचूप खून केला आणि राजा आपल्या मरणानें मेला असें जाहीर केलें. मग राजाचा लहान मुलगा हुसेन गादीवर बसवून आपण कारभार हांकूं लागला.

येथें थोडें थांबूं. चेटकिणींनीं मॅकबेथास सुरी दिली नव्हती. दिल्लीकरांनींही फत्तेखानाचा हात धरून खून करविला नाहीं. दोघांनीं फक्त पोटांतली गोष्ट ओठांवर आणिली. म्हणून ‘नशिबांत होतें’, ‘दुसऱ्यानें भर दिली’ ह्या सबबी खोट्या. कुंडली कोणीही मांडो, हात ज्याचा त्याचाच.

दुसरी गोष्ट भयाची. कपटानें मिळविलेलें कपटानेंच राखावें लागतें. फत्तेखान आज मोगलांचा, उद्यां विजापुरकरांचा. शेवटीं दोहोंचाही विश्वास उडाला. सन १६३३ त महाबतखानानें दौलताबादेस वेढा दिला. डोंगर तासून केलेला तो किल्ला! पण आंत दाणा संपला, आणि फत्तेखानानें किल्ला दिला. पोरका हुसेन ग्वाल्हेरच्या कैदेंत गेला. त्याचा कारभारी मोगलांचा तनखा खात राहिला. नाटकांत पापी मरतो. इतिहासांत पुष्कळदां तो पेन्शन खातो. म्हणून न्याय दैवावर सोंपवून बसूं नका.

तिसरी गोष्ट आपली. हीं कारस्थानें चाललीं तीं सालें कोणतीं? सन १६३० ते १६३२. सारी दक्षिण दुष्काळानें होरपळत होती. देहूस तुकोबांची पहिली बायको ह्याच दुष्काळांत अन्नावांचून गेली. रयत मूठभर दाण्यासाठीं तडफडत होती आणि वाड्यांत गादीचे खेळ चालले होते. मॅकबेथाच्या राज्यांतही हेंच. राजा रक्तांत पाय बुडवितो, आणि त्याचे शिंतोडे गरिबाच्या झोंपडीवर उडतात.

आतां राजे गेले. सरपंच, चेअरमन, सभासद आपणच निवडतों. पण गादी लहान झाली म्हणून हांव लहान होत नाहीं. निवडून आलेल्यास तीनच प्रश्न विचारा. खुर्ची कोणत्या वाटेनें मिळविली? तुला रात्रीं झोंप येते का? आणि तूं पाणी आणिलेंस कीं नुसती पाटी लाविलीस? तो उत्तर न देईल तर मत आपल्या हातीं आहे.

फत्तेनगर हें नांव आज कोणाच्या तोंडीं नाहीं. मलिक अंबराच्या नहरीनें मात्र पुढें कित्येक पिढ्यांची तहान भागविली. सत्तेची खरी पावती हीच. एवढें सांगून मी खालीं बसतों.