काम संपल्यावर सांभाळायचं कुणी?



आम्ही आज चिंपांझीवर बोलणार म्हटल्यावर काही मंडळी हसली. हसू द्या. आम्ही सातवी शिकलेले गिरणी कामगार, पण ही हकिगत वाचली आणि रात्री झोप लागली नाही.

आफ्रिकेत लायबेरिया नावाचा देश आहे. तिथे न्यूयॉर्क ब्लड सेंटर या अमेरिकन संस्थेने १९७४ साली चिंपांझींवर प्रयोगाचे केंद्र काढले. हा बिनशेपटीचा वानर, रक्ताने माणसाच्या फार जवळचा. म्हणूनच तर त्याची निवड! काविळीची लागण करायची, सुई खुपसून यकृताचा तुकडा काढायचा, पुन्हा पिंजऱ्यात टाकायचं. आपल्या नातवंडांना जन्मल्याबरोबर टोचतात त्या हिपॅटायटिस बी लसीच्या कामी हे जीव आले. उपकार आहेत ते.

प्रयोग थांबले आणि त्यांना नदीतल्या सहा बेटांवर ठेवलं. त्यांना पोहता येत नाही, पाणी हेच कुंपण. कुणी म्हणेल, रानात का नाही सोडलं? अहो, कित्येकांच्या अंगात रोगाचे जंतू, आणि खाणं शोधायची सवय मोडलेली. बेटावर पोटापुरती फळं नाहीत, प्यायला गोडं पाणी नाही. सगळं माणसानेच न्यायचं.

मार्च २०१५ मध्ये संस्थेने पैसे बंद केले. मागे साठांहून अधिक जीव. म्हणाले, जनावरं लायबेरिया सरकारची, आमच्यावर कायद्याचं बंधन नाही. बंधूंनो, ही भाषा आपल्याला नवी आहे का? गिरणीला टाळं लागलं तेव्हा ग्रॅच्युइटी मागायला गेलो, तर जुना मालक नव्याकडे बोट दाखवी, नवा जुन्याकडे.

तिथले राखणदार गरीब लायबेरियन. त्यात देशात इबोलाची साथ. पण त्यांनी होडी थांबवली नाही. मिळेल ते पुरवून पुरवून खाऊ घातलं. नाव त्यांचं कुठे मोठं झालं नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. पुढे अमेरिकेतल्या ह्यूमेन सोसायटीने खर्च उचलला, लोकांनी वर्गणी काढली, निदर्शनं केली. २०१७ साली करार झाला. ब्लड सेंटरने ६० लाख डॉलर द्यायचे, सोसायटीने तहहयात सांभाळायचं. दोन वर्षं लागली याला, आणि ही जात पन्नास वर्षंसुद्धा जगते.

होडीचा आवाज आला की ते काठावर जमतात. काही तर पाण्याची भीती विसरून कमरेपर्यंत आत येतात, आणि हात पुढे करतात.