थोड्या दिवसांची सेवा



आजचा विषय पत्रिकेत वाचला तेव्हा तो आपल्यापैकी काहींना दूरचा वाटला असेल. अमेरिकेतल्या महाविद्यालयातला चर्चचा एक विद्यार्थी-गट सुट्टीत दहा-पंधरा दिवस मेक्सिकोला किंवा होंडुरासला जातो, एखादे घर बांधतो, मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगतो आणि परत येतो. या मिशन-सहलीशी नगरच्या श्रोत्यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो दोनशे वर्षांचा आहे.

१८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी शेतात जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. तिथे त्यांच्यात बोलणे झाले ते आशियात जाऊन धर्मप्रसार करण्याचे. त्यांचा पुढारी होता सॅम्युएल मिल्स. त्या गटाच्या धडपडीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनची संस्था उभी राहिली. १८१२ मध्ये तिची पहिली माणसे जहाजाने निघाली आणि १८१३ च्या फेब्रुवारीत त्यांतले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा हा आरंभ. हॉल त्याच विल्यम्स कॉलेजचा पदवीधर.

या लोकांचे पुढे काय झाले, ते आजच्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितले. ते हटले नाहीत. नॉटची प्रकृती ढासळली आणि थोड्याच वर्षांत त्याला परतावे लागले. त्याच पहिल्या तुकडीतल्या सॅम्युएल न्यूएलची पत्नी हॅरिएट इथे पोचण्यापूर्वीच मॉरिशसला वारली. वय अवघे एकोणीस. न्यूएल स्वतः १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेला. हॉल तेरा वर्षे राहिला. तो मराठी शिकला, बाजारात उभा राहून मराठीत बोलू लागला, त्याने शाळा काढल्या, बायबलच्या भाषांतराला हात घातला. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिकला गेला, तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर दोडी-दापूरला त्यालाच पटकीने गाठले आणि तो तिथेच वारला.

पुढच्याच वर्षी सिंथिया फॅरार आल्या. बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. मुंबईत आणि नंतर आपल्या नगरमध्ये मिळून त्या १८६२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, मुलींना शिकवत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची शाळा पाहिली आणि त्यातून प्रेरणा घेतली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही फॅरारबाईंचे नाव जोडलेले आहे.

ही माणसे धर्मांतरासाठी आली होती, हे झाकण्याचे कारण नाही. इथल्या धर्माविषयी त्यांची मते एकांगी होती आणि आपल्या लोकांनी त्यांच्याशी कडाडून वाद घातले. ते वाद योग्यच होते. पण वाद घालता आला तो कशामुळे? ती माणसे इथेच राहत होती आणि मराठीत बोलत होती म्हणून. त्यांच्या चुका त्यांना इथेच, तोंडावर सांगता येत होत्या. मुक्कामामुळे त्यांच्यावर एक उत्तरदायित्व आले होते. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

या परंपरेची दुसरी लाटही विद्यार्थ्यांचीच. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्याच माउंट हर्मनला विद्यार्थ्यांची परिषद भरली आणि तिथे शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याला वाहून घेण्याचा निश्चय केला. या जागृतीमागे प्रिन्स्टनचा एक तरुण होता, रॉबर्ट वाइल्डर. मिशनऱ्याचा हा मुलगा १८६३ मध्ये आपल्या कोल्हापुरात जन्मला होता. या चळवळीतून पुढच्या काही दशकांत वीस हजारांहून अधिक विद्यार्थी परदेशी गेले. त्यांनीही आयुष्य द्यायचे ठरवले होते, सुट्टी नव्हे.

मग प्रवास सोपा आणि स्वस्त झाला आणि सारे बदलले. १९५७ च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या मेरीव्हिल कॉलेजचा जॉर्ज व्हेर्वर दोन मित्रांसह ट्रकमध्ये स्पॅनिश पुस्तिका भरून मेक्सिकोला गेला. त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन ही मोठी संस्था झाली. सुट्टीत जाऊन परतण्याची रीत हळूहळू रुळली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन चर्च-सदस्य अशा सहलींवर परदेशी जात होते.

सहलीचा साचा ठरलेला असतो. विद्यार्थी नातेवाइकांना, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना पत्रे लिहून पैसे जमवतात. काही संध्याकाळी तयारीचे वर्ग होतात. मग प्रवास, सकाळी बांधकाम किंवा रंगकाम, दुपारी मुलांची बायबल शाळा, संध्याकाळी दुभाष्यामार्फत साक्ष, रात्री गटाने बसून दिवसाची उजळणी. परतल्यावर रविवारच्या उपासनेत फोटो दाखवले जातात. ही मुले मनाने स्वच्छ असतात. त्यांचे डोळे भरून येतात ते खरोखरच. माझी टीका त्यांच्या मनावर नाही, त्या साच्यावर आहे.

या साच्यावरचा सर्वांत कठोर हल्ला एका कॅथलिक धर्मगुरूनेच केला. अमेरिका आणि कॅनडातल्या कॅथलिक महाविद्यालयांचे विद्यार्थी उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जात. त्यांच्या परिषदेने २० एप्रिल १९६८ रोजी बोलावले ते इव्हान इलिच यांना, जे स्वतः मेक्सिकोत क्वेर्नाव्हाकाला संस्था चालवत होते. समोर बसलेल्या स्वयंसेवकांना त्यांनी सरळ सांगितले की तुम्ही येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, ज्यांना तुम्हाला नको म्हणण्याची सोय नाही, त्यांच्यावर तुमचा चांगुलपणा लादू नका. पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका. गरिबांत काम करायचेच असेल तर आपल्या देशात करा, तिथले गरीब निदान तुम्हाला हाकलून तरी देऊ शकतील.

इलिच यांचे म्हणणे टोकाचे होते का? एक अभ्यास पाहू. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला आणि उत्तर अमेरिकेतून गटामागून गट घरे बांधायला गेले. होंडुरासमध्ये अनेक वर्षे राहिलेले कॅल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी या कामाची पाहणी केली. एक गट सुमारे ३० हजार डॉलर खर्चून एक घर बांधून परतत होता. तसेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये बांधत होती. म्हणजे एका सहलीच्या पैशात पंधरा कुटुंबांवर छप्पर आले असते आणि मजुरी गावातल्या गवंड्याला मिळाली असती. घर परक्यांनी बांधले की आपल्या माणसांनी, याने त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. जाणाऱ्यांत तरी बदल झाला का? आपण अधिक देणगी देऊ लागलो, असे बरेच जण सांगत होते. देणग्यांच्या नोंदी तपासल्या तर तशी ठळक वाढ आढळली नाही.

काही ठिकाणी नुकसान याहून गंभीर असते. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तिथल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते, असे युनिसेफच्या पाहणीत आढळले. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या हे या वाढीचे एक कारण होते. दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो. त्या मुलाने किती वेळा जीव लावायचा?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शल्यचिकित्सकांचा गट एखाद्या दवाखान्याच्या बोलावण्यावरून जातो, तिथल्या डॉक्टरांना शिकवून येतो, त्याचा उपयोग कोण नाकारील? वर्षानुवर्षे एकाच गावाशी नाते राखणारी, तिथल्या लोकांनाही आपल्याकडे बोलावणारी चर्चेस आहेत. आणि विशीतल्या मुलाने आपल्या सुखवस्तू वस्तीबाहेरचे जग डोळ्यांनी पाहणे, ही लहान गोष्ट नव्हे. त्यातूनच एखादी मुलगी पुढे डॉक्टर होते, भाषा शिकते, राहायला जाते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. ज्याच्याकडे थोडे दिवस आहेत, त्याने शिकायला जावे. ज्याला तिथे काही घडवायचे आहे, त्याने राहण्याची तयारी करावी. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की यजमानाला विद्यार्थ्याच्या समाधानाची सोय करावी लागते. शिकायला जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. काम काय करायचे ते गावाने ठरवावे, आणि नको म्हणण्याची मोकळीक गावाला असावी. प्रवासावर जेवढा खर्च होईल त्याच्या तोडीची रक्कम स्थानिक संस्थेला, तिच्या मनाप्रमाणे वापरायला द्यावी. जे काम गावातला गवंडी करू शकतो ते त्याच्या हातून काढून घेऊ नये. भाषेचा अभ्यास निघण्यापूर्वी सुरू व्हावा. मुलांचे फोटो पैसे जमवायला वापरू नयेत. आणि परतल्यावर पाच वर्षे तरी त्या गावाची विचारपूस चालू ठेवावी.

श्रोतेहो, हे अमेरिकेतल्या मुलांनाच सांगून भागणार नाही. १९६९ पासून आपल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे आणि तिची सात दिवसांची शिबिरे खेड्यांत भरतात. बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीचे नावच पाहा: तिथे जाणाऱ्यावर संस्कार व्हावा, ही अपेक्षा त्यात स्वच्छ आहे, गावाच्या उद्धाराचा दावा नाही. पण आपली किती शिबिरे गावाला आधी विचारून ठरतात? शिबिर संपल्यावर किती प्राध्यापक त्या गावात पुन्हा पाऊल टाकतात? मेळघाटात जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला कोरकूचे चार शब्द येतात का?

इथे प्राचार्य बसले आहेत, मंडळ्यांचे पाळक बसले आहेत, आणि मागे उभे असलेले विद्यार्थी मला दिसत आहेत. माझी विनंती आपणा सर्वांना आहे. यंदाचे शिबिर, यंदाची सहल ठरवण्यापूर्वी ज्या गावी जायचे तिथे दोघांनी आधी जाऊन या, तिथल्या माणसांना विचारा, आणि त्यांनी येऊ नका म्हटले तर ते ऐका. त्यांनी या म्हटले, तर एकदाच जाऊ नका; पुढची पाच वर्षे त्याच गावाला द्या.