रॉकेटच्या पोटातील जोडणी

अमेरिकेत हौशी मंडळी रॉकेट उडवितात तेव्हा बघ्यांचे लक्ष ज्वालेकडे असते; जाणकारांचे मात्र आतील तळहाताएवढ्या संगणकाकडे. हवेच्या दाबावरून तो उंची ओळखतो. दाब घटावयाचा थांबला की शिखर आले असे समजून तो पेटकाला वीज देतो आणि त्या धक्क्याने लहान हवाईछत्री बाहेर पडते. मोठी उघडते ती जमिनीपासून दीड-दोनशे मीटरवर. म्हणून संगणकाच्या कप्प्याला बारीक छिद्रे ठेवतात. ती बुजली, तर त्याला उंची कळणार कशी?

खरी कसोटी जोडणीची. उड्डाणाच्या हिसक्याने बॅटरी सरकते, सैल स्क्रूखालची तार निसटते. म्हणून बॅटरी पट्ट्याने आवळतात, प्रत्येक तार ओढून पाहतात. काम कंटाळवाणे खरे! पण छत्री उघडली नाही, तर रॉकेट बाणासारखे माणसांवर येऊ शकते.

संगणकाचा खटका बाहेरून हाताळता येईल असा बसवितात आणि रॉकेट मंचावर उभे राहिल्यावरच तो चालू करतात. पेटकाची जोडणी शाबूत असल्यास आतून ठराविक पिकपिक ऐकू येते. अर्थात ही खूण त्या क्षणाची. हिसक्यानंतरची हमी ओढून पाहिलेल्या तारेचीच. पिकपिक आलीच नाही, तर उलटी मोजणी थांबते, रॉकेट खाली उतरवून कप्पा पुन्हा उघडला जातो.