नोकरीचा बायोडेटा आपला आपण लिहूया

(मोडनिंब, ता. माढा येथे शिक्षणक्षेत्रात काम शोधणाऱ्या मुली व महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बायोडेटा हा शब्द आपल्या घरांत आला तो लग्नाच्या निमित्तानं. वर देवाचं नाव, मग जन्मवेळ, रास, उंची, वर्ण. त्याखाली वडील काय करतात, भाऊ किती, मामा कुठले, शेती किती एकर. मुलीबद्दल एकच ओळ : शिक्षण बी.ए., डी.एड., गृहकृत्यदक्ष. हा कागद बहुतेक घरांत पुरुष माणसंच लिहितात, आणि तो जातोही पुरुषांच्याच हातात.

नोकरीसाठी म्हणून आमच्याकडे जे बायोडेटा येतात, त्यातले कितीतरी याच साच्यातले असतात. एका मुलीनं वडिलांचा व्यवसाय लिहिला होता, उंची लिहिली होती, पोटजातसुद्धा लिहिली होती. ती तीन वर्षं वस्तीवरच्या पोरांना रोज संध्याकाळी शिकवत होती, ते मात्र कुठंच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "ताई, त्याचे पैसे कुठं मिळत होते?"

खरी गोम इथंच आहे. ज्याला पगार नाही ते काम नाही, हे आपल्या मनावर इतकं बिंबवलेलं आहे की आपलं काम आपणच कागदावरून पुसून टाकतो. म्हणून हा विषय नुसता अर्ज भरण्याचा नाही.

आधी एक समजून घेऊ. जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळेची शिक्षकभरती 'पवित्र' पोर्टलवरून होते. पहिली ते आठवीसाठी टीईटी पास व्हावी लागते, शिवाय अभियोग्यता चाचणीचे गुण लागतात. तिथं सुंदर बायोडेटाचा उपयोग नाही. अंगणवाडी सेविकेसाठी बाई त्याच गावची रहिवासी असावी लागते, आणि आता बारावी पास लागते. तिथं ठरावीक अर्ज आणि दाखले. पण विनाअनुदानित शाळा, खाजगी बालवाड्या, मुलींची वसतिगृहं, शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्था, इथं पहिली गाठ पडते ती आपल्या कागदाची. आपल्या भागातल्या कितीतरी मुलींची पहिली नोकरी इथंच सुरू होते.

मग त्यात काय लिहायचं? नाव, फोन, गाव. कोणत्या कामासाठी अर्ज करतोय ते एका ओळीत. मग शिक्षण, शेवटची परीक्षा सगळ्यात वर. टीईटी दिली असेल तर कोणता पेपर, कोणत्या वर्षी. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. मग काम. वर्ण, उंची, रास, वडिलांची जमीन यातलं काही नको. राखीव जागेसाठी दाखला मागितला तर तो जोडा, एरवी जात लिहायचं कारण नाही. आधार क्रमांकही छापू नका. हा कागद कुणाकुणाच्या हातात फिरेल ते आपल्याला ठाऊक नसतं.

कामाच्या रकान्यात बिनपगाराचं कामही येऊ द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. तुमच्यापैकी काहीजणी या समितीवर आहेत. नुसत्या सहीपुरत्या नसाल, तर ते लिहा. नवभारत साक्षरता कार्यक्रमात आजीबाईंना अक्षरं शिकवली असतील, बचत गटाचा हिशेब ठेवला असेल, तर तेही लिहा. मात्र 'समाजकार्याची आवड' असं मोघम नको. किती मुलं, कोणत्या इयत्तेची, किती महिने, काय शिकवलं आणि त्यानं काय फरक पडला, असं लिहा.

आपल्याच माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलींच्या हजेरीसाठी काम केलं, आणि पुरस्कार देताना नाव घेतलं गेलं ते या कामाचं. आपलं काम लहान असेल, पण सांगायची रीत हीच.

आता खंड. लग्न झालं, मूल झालं, सासू आजारी होती, पाच वर्षं गेली. बायका ही वर्षं लपवतात किंवा त्यांची लाज बाळगतात. लपवू नका. 'या काळात कौटुंबिक जबाबदारी' एवढी एक ओळ पुरे, खुलासा देत बसायचं कारण नाही. अनुताई वाघ बालविधवा होत्या. शिकून उभ्या राहिल्या आणि १९४५ पासून ताराबाई मोडकांच्या जोडीनं बोर्डीला बालशिक्षण उभं केलं. सरळ रेघेत शिकणं बाईच्या वाट्याला नेहमी येतंच असं नाही.

दुसरी अडचण नावाची. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं स्पष्ट लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांना सांगते, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही.

आणि खोटं एक अक्षर लिहू नका. टीईटीतला गैरप्रकार उघडकीला आल्यावर २०२२ साली परीक्षा परिषदेनं साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई केली. पैसे घेणारे दलाल आपल्याही दारात येतात. मंगळसूत्र मोडून त्यांना पैसे देऊ नका.

मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात ठेवू नका. दाखवा आणि परत घ्या. आपली सही केलेल्या झेरॉक्स द्या. मूळ कागद अडकवून ठेवले की बाई कमी पगारात मुकाट्यानं राबते, हे आम्ही पाहतो. मुलाखतीत "लग्न कधी, मूल कधी?" असं विचारलं तर शांतपणे म्हणा, "त्याचा माझ्या शिकवण्याशी संबंध नाही." पगार किती आणि नेमणुकीचं पत्र मिळणार का, हेही विचारा.

शेवटी एक काम देते. आपल्याबद्दल लिहायला बसलं की पेन अडतं. म्हणून दोघी-दोघी बसा. एकीनं विचारायचं, "दहावीनंतर आजपर्यंत तू काय काय केलंस?" दुसरीनं सांगायचं, पहिलीनं लिहायचं. मग अदलाबदल. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं एक-एक कागद घेऊन यायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायला यायचं, लिहून आम्ही घेऊ.