खोलीचे मोजमाप

लांबी मोजावयास आपण शाळेत शिकतो. खोली मोजण्याचा पाठ मात्र क्वचितच कोणाच्या वाट्यास येतो. विहिरीत दोर सोडावा आणि त्याचा भिजलेला भाग हाताने मापावा, एवढ्यावर आपले भागते. परंतु धातूतील खाचेची खोली मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत सांगावयाची झाल्यास हा उपाय लंगडा पडतो.

आम्हा भुसावळकरांना ही गोष्ट परकी नाही. विद्युत इंजिनांच्या दुरुस्तीचा रेल्वे कारखाना येथे आहे. आयुध कारखाना १९४९ पासून आहे. आणि जवळच वरणगावास १९६४ पासून काडतुसे तयार होतात. काडतुसाच्या पितळी बुडाशी एक लहानशी खळगी असते व तीत ठिणगी देणारी टोपी बसवितात. टोपी बुडाच्या पातळीहून किंचित आत राहावी लागते. खळगी उथळ झाल्यास टोपी वर डोकावते आणि अवेळी बार उडण्याचे भय राहते. फाजील खोल झाल्यास आघात पुरा पोहोचत नाही आणि ऐन प्रसंगी बार होतच नाही. खोलीतील अल्पशा चुकीचे मोल किती, हे यावरून ध्यानी यावे.

एकसारख्या हजारो नगांची तपासणी ठराविक मापाच्या गेजने होते. पण एखाद्या खाचेची खोली आकड्यात हवी असेल, तेव्हा डेप्थ मायक्रोमीटर हाती घेतात. त्याची सपाट बैठक खाचेच्या काठांवर टेकवावयाची आणि थिंबल फिरवून मधली बारीक सळई तळाशी न्यावयाची. एका फेऱ्यास सळई अर्धा मिलिमीटर सरकते, आणि थिंबलवर पन्नास भाग असतात. म्हणून एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. सळया बदलून अधिक खोलही जाता येते. मात्र प्रत्येक बदलानंतर माप पुन्हा पडताळून घ्यावे.

नवशिक्या येथे हटकून फसतो. बाहेरील जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरवर उघडे पडलेले आकडे वाचावयाचे असतात. येथे झाकले गेलेले. बारा आणि त्यापुढील अर्ध्याची रेघ झाकली असून थिंबलवर सदतीस असेल, तर खोली १२.८७ मिलिमीटर.

दुसरा धोका हाताचा. स्क्रूचे बळ मोठे असते. सळई तळाला टेकल्यावरही जोर केला, तर बैठकच काठावरून उचलली जाते आणि खाच आहे त्याहून खोल भासते. यास्तव एका हाताने बैठक घट्ट धरावी, दुसऱ्याने केवळ रॅचेट हलके फिरवावे. बैठकीखाली धातूचा कीस अगर काठावर कणी राहिली, तरीही माप बिघडते. म्हणून आधी पुसावे, मग मोजावे, आणि तीनदा मोजून आकडा मानावा.

तिसरा धोका आमच्या खानदेशातील उन्हाचा. मापांचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानतात. आमचा मे महिना ४५ अंशांवर जातो. त्या पंचवीस अंशांत १०० मिलिमीटर पोलाद सुमारे तीन शतांश मिलिमीटर वाढते. उपकरण आणि काम दोन्ही पोलादाची व सारखीच तापलेली असली, तर ही वाढ परस्पर फिटते. ॲल्युमिनियम मात्र पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. तेथे शंभर मिलिमीटरांच्या खोलीत तीन शतांशांची तफावत उरतेच. नुकतेच लेथवरून उतरलेले ऊन काम मोजणेही तितकेच अविचाराचे होय.

श्रोतेहो, आपल्या घरचा मुलगा अगर मुलगी आय. टी. आय. मध्ये जाऊ म्हणते, तेव्हा आपण कित्येकदा नाक मुरडतो. जणू तेथे बुद्धीचे कामच नाही! वर सांगितलेला हिशेब पाहा. त्यात गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि यांहून दुर्मिळ असा हाताचा संयम आहे. मोजणाऱ्याने आकडा सोयीस्कर करून लिहिला, तर पाहावयास तेथे दुसरा कोणी नसतो. पण त्या आकड्यावर विसंबून काम वापरणारा मनुष्य कोठेतरी असतो. त्याचे स्मरण ठेवून जो खरा आकडा लिहितो, तो कारागीर आपल्या आदरास सर्वथा पात्र होय.