मामाचा आकडा



मला कॉम्प्युटर क्षेत्रातल्या बदलांवर बोलायला सांगितलं होतं. ते तुम्हाला यूट्यूबवर भरपूर मिळेल. मी माझ्या मामाबद्दल बोलते, त्याला विचारूनच.

२००८ साली मामा मेडिकलच्या एआरटी केंद्रात पोचला तेव्हा त्याचा सीडी४ होता ३८. निरोगी माणसात हा आकडा साधारण पाचशेच्या वर असतो. त्याआधी दोन वर्षं ताप, जुलाब, वजन उतरणं चालूच होतं. डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी सुचवली होती. ‘आपल्या घरात असलं काही नसतं’ म्हणून आम्हीच टाळली. आम्ही म्हणजे मीसुद्धा, इंजिनिअर झालेली.

सरकारने १ एप्रिल २००४ पासून या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली होती, म्हणून पैशाचा प्रश्न आला नाही. पण सुरू केल्यावर महिन्याभरात मामाच्या मानेला गाठी आल्या, ताप चढला. मामी म्हणाली, औषधच बाधलं, बंद करा. केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं: टीबी आधीच अंगात लपलेला होता, पण त्याच्याशी लढायला शरीरात ताकदच नव्हती. आता ती परत येतेय, म्हणून सूज दिसतेय. टीबीचे उपचार जोडले, एआरटी चालूच ठेवली. त्या दिवशी आम्ही मामीचं ऐकलं असतं तर आज हे भाषण झालं नसतं.

सहा महिन्यांत आकडा १२० झाला. आम्ही पेढे वाटले. पुढे मात्र गाडी रेंगाळली. कारण असं की, सुरुवातीची वाढ बरीचशी गाठींमध्ये अडकलेल्या जुन्या पेशी रक्तात परत आल्याने होते. नव्या पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ती वयानुसार आक्रसत जाते. शिवाय अनेक वर्षांच्या संसर्गाने गाठींमध्ये वण पडलेले असतात. माझ्या भाषेत सांगायचं तर अँटीव्हायरसने व्हायरस थांबवला, पण उडालेल्या फायली परत आल्या नाहीत. मामाच्या रक्तात आज विषाणू सापडत नाही, तरी सीडी४ तीनशेच्या आसपासच घुटमळतो. त्याच रांगेत भेटणाऱ्या एका ताईंना गरोदरपणातल्या तपासणीत वेळेवर कळलं. त्यांचा आकडा सातशेच्या घरात आहे. गोळ्या तशाच, फरक सुरुवातीचा.

पूर्वी सीडी४ ठरावीक आकड्याच्या खाली गेल्यावरच सहसा गोळ्या मिळत. २०१७ पासून ती अट नाही. निदान झालं की औषध सुरू. त्याच वर्षीच्या कायद्याने नाव गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला. मेडिकल आणि मेयोत तपासणी मोफत होते.

आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. बीपी, शुगर तपासतो, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रिपोर्टही टाकतो. मी गेल्या महिन्यात ही तपासणीही करून घेतली. रांगेत पाऊण तास गेला, बाकी काही झालं नाही.

कुणाला एकट्याने काही विचारायचं असेल तर जेवणाच्या वेळी मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसलेली असेन. बाई, तुम्ही मला तिथूनच उठवायच्या.