वाळूचा दगड, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात

दगड म्हटला की आपण लगेच लाखो-कोट्यवधी वर्षांच्या गोष्टी करू लागतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. तो लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण समुद्रकाठी एक खडक असा आहे, की त्याच्या पोटात बाटल्यांच्या काचा, पत्र्याचे डबे, दुसऱ्या महायुद्धातलं भंगारसुद्धा घट्ट चिणलेलं सापडलं आहे. म्हणजे आजोबांच्या तरुणपणी जी सुटी वाळू होती, तिच्यावर आज नातवाला ठेच लागते! भूशास्त्रज्ञ याला ‘बीचरॉक’ म्हणतात. आपण पुळणीचा खडक म्हणू.

ही वाळू घट्ट होते कशी? बोअरच्या पाण्याने घरातल्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, तो आठवा. पाणी तापतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना भांड्याला चिकटतो. उष्ण प्रदेशातल्या समुद्राच्या पाण्यात चुना असाच काठोकाठ विरघळलेला असतो. भरतीला हे पाणी वाळूत मुरतं. ओहोटी लागली की वरून ऊन, खालून तापलेली वाळू. थोडं पाणी वाफ होऊन जातं, वायू निसटतो आणि उरलेला चुना वाळूच्या कणांभोवती बसतो. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर प्रत्येक कणाभोवती बारीक सुयांची झालर दिसते. या सुया ॲरागोनाइट नावाच्या खनिजाच्या. शेजारच्या दोन कणांवरच्या सुया एकमेकींत गुंतल्या की वाळू सुटी राहत नाही. जमिनीतून झिरपणारं गोडं पाणी आणि कणांवर वाढणारे सूक्ष्मजीव यांचाही या कामात हात असतो. कुठे कोणाचा वाटा मोठा, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. माझ्या मते एकच उत्तर सगळ्या किनाऱ्यांना लावायचा हट्टच चुकीचा आहे.

हे सगळं वाळूच्या पृष्ठभागाखाली गुपचूप चालतं. मग एखाद्या पावसाळ्यात उधाण वरची वाळू ओढून नेतं आणि खालच्या लाद्या उघड्या पडतात. पुळणीचा उतार जसा समुद्राकडे, तसाच या लाद्यांचाही.

या खडकाने एकदा मोठी खळबळ उडवली होती. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर किनाऱ्याच्या कठीण खडकात माणसाचा सांगाडा मिळाला, तोही बिनडोक्याचा. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आला आणि 1814 साली चार्ल्स कोनिग यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. दगडात माणूस, म्हणजे तो अतिप्राचीनच असणार, असं कुणालाही वाटावं. पण प्राचीन जीवांचे मोठे अभ्यासक क्यूव्हिए यांनी निर्वाळा दिला, की हा खडकच अलीकडचा आहे, तिथल्या किनाऱ्यावर तो आजही तयार होतो आहे. पुरलेल्या माणसाभोवतीची वाळू नंतर दगड झाली, इतकंच.

डार्विननेही बीगल जहाजाच्या प्रवासात, 1836 साली, ब्राझीलच्या पर्नांबुको बंदरासमोर अशाच खडकाची भिंत पाहिली. समुद्रात सरळ रेषेत गेलेली, लाटा अडवणारी. तिच्यावर त्याने पुढे स्वतंत्र लेख लिहिला. वरचे किडे आणि चुनखडी शेवाळ यांच्या कवचामुळे ती भिंत झिजत नाही, हे त्याच्या चटकन लक्षात आलं होतं.

आणि स्पेनमध्ये बिल्बाओजवळचा किनारा पाहा. लोखंडाच्या कारखान्यांनी समुद्रात टाकलेली धातूची मळी लाटांनी काठावर आणली आणि तिथे मळी, विटांचे तुकडे, अगदी प्लॅस्टिकसुद्धा धरून नवा खडक तयार झाला. आपला कचराही समुद्र असा चिणून ठेवतो.

आपल्याकडे? मुंबई बेटावर शिंपल्यांचा आणि वाळूचा असा खडक असल्याचं 19व्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी नोंदवलं. ‘लिटोरल काँक्रीट’ हे त्यांनी वापरलेलं नाव. कोकण किनाऱ्यावर तो इतरत्रही आढळतो. याचं मोल वेगळंच आहे. हा खडक बहुतेक भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच बनतो. त्यामुळे तो आज भरतीच्या रेषेच्या वर दिसला, तर एक तर समुद्र खाली गेला, नाही तर जमीन वर उचलली गेली. त्यातल्या शिंपल्याचं वय रेडिओकार्बनने काढता येतं. मात्र ते वय शिंपल्याचं, खडकाचं नव्हे. खडक त्याहून लहानच असणार.

तर श्रोतेहो, पुढच्या मोठ्या ओहोटीला किनाऱ्यावर जाल तेव्हा खिशात एक लिंबू ठेवा. शिंपल्यांचे तुकडे दिसणारी, समुद्राकडे कललेली लादी सापडली, तर तिच्या स्वच्छ भागावर चार थेंब पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुना आहे. काळ्या पाषाणावर किंवा जांभ्यावर ते येत नाहीत. फक्त कालवं चिकटलेली जागा टाळा, ती कुठेही फसफसतील. आणि लादी फोडून तुकडा घरी मात्र आणू नका. लाटांचा पहिला मार तीच झेलते.